झेंडा उतरण्याआधी खालापूर

महाबळेश्वर, गोवा, फार तर कन्याकुमारी पाहून आलेल्या माणसाला लोक विचारतात, काय काय पाहिलंत? आम्ही दोघी कर्जत-खालापूरहून परत आलो तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांनी एकच विचारलं, "तिथं काय आहे?" त्याचं उत्तर जिन्यात उभ्याउभ्या देता येईना, म्हणून लिहायला बसले आहे.

तिथं सायकलींची शर्यत आहे. तीन दिवसांची, आणि डांबरी रस्ता जमेल तितका टाळून जाणारी. बैलगाडीच्या वाटा, शेताचे बांध, डोंगराच्या पायवाटा, एखादी नदी, असा सगळा मामला. शर्यत जोडीनं करायची. एक पुढं गेला तरी त्यानं दुसऱ्यासाठी थांबायचं, कारण दोघांची चाकं रेषेपलीकडं गेल्याशिवाय जोडी पोचली असं धरत नाहीत. मुक्कामाच्या ठिकाणी पिवळा झेंडा लावलेला असतो. ठरल्या वेळी तो उतरवतात. त्यानंतर आलेली जोडी बाद, दुसऱ्या दिवशी घरी.

मी सांगलीत मुलींच्या शाळेत खेळ शिकवते. शर्यतीचं पत्रक शाळेत आलं तेव्हा माझ्याबरोबरच्या एका शिक्षिकेनं आणि मी मिळून नाव घातलं होतं. दिवाळीत तिचं लग्न ठरलं आणि ती गळाली. मी चरफडत घरी आले, स्वयंपाकघरात बसून सगळा राग आईपुढं काढला. वहिनी परातीत कणीक मळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मी येऊ का, वन्सं?"

माझ्या वहिनीचं नाव शालिनी. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मागच्या वर्षी तिला पहिलं मूल झालं आणि थोड्याच दिवसांत ते गेलं. तेव्हापासून ती घरात असून नसल्यासारखी होती. कामं सगळी वेळेवर व्हायची, विचारलं तर उत्तर मिळायचं, पण तिच्या तोंडून आपणहून शब्द निघत नसे. ती काही मागते आहे, हे मी वर्षभरात पहिल्यांदा ऐकत होते.

"वहिनी, तुम्ही? आणि सायकल?"

"लग्नाआधी रोज पहाटे दुधाच्या किटल्या हँडलला अडकवून डेअरीत जायचे. चिखलातनंसुद्धा."

मला वाटलं आई नको म्हणणार. पण आई दादाला म्हणाली, "तुझी सायकल दे रे तिला. मडगार्ड काढून घे, जड होतं."

कर्जत

प्रवासाचं काही सांगत नाही. पुण्यापर्यंत झोप आणि पुण्यानंतर घाट, एवढंच. कर्जतला उतरून आधी सायकली सामानाच्या डब्यातून काढून घेतल्या, मग फलाटावरच गरम बटाटेवडे खाल्ले. वहिनीनं दोन खाल्ले आणि तिसऱ्याकडं पाहिलं, पण मागितला नाही. मी घेतला आणि तिच्या हातात दिला.

वहिनीनं आयुष्यात साडीशिवाय काही नेसलेलं नव्हतं. स्टेशनच्या बायकांच्या खोलीत तिनं माझा सलवार-कमीज घातला आणि कितीतरी वेळ बाहेरच येईना. शेवटी मी दार ढकललं. ती आरशासमोर उभी होती.

"वन्सं, मी कुणासारखी दिसते?"

"सायकलवालीसारखी," मी म्हटलं. ती हसली नाही, पण बाहेर आली.

शर्यतीची जमवाजमव एका भातगिरणीच्या अंगणात चालली होती. गिरणीचे मालक आप्पा हेच मंडळाचे प्रमुख. अंगानं भरदार, आवाजानं मऊ. वीस-बावीस जोड्या आलेल्या, सगळे पुरुष. बहुतेक आसपासच्या गावांतले, काही मुंबईचे, दोन पुण्याचे. गिअरच्या सायकली चालणार नाहीत असा नियम होता, त्यामुळं सगळ्यांकडं आमच्यासारख्याच जाडजूड काळ्या सायकली. त्या बाबतीत तरी आम्ही उठून दिसत नव्हतो.

आम्हाला पाहून मंडळात कुजबुज झाली. घड्याळाचं काम ज्यांच्याकडं होतं ते गृहस्थ म्हणाले, "आप्पा, ह्या दोघी कशा काय? उद्या पडल्या-झडल्या तर निस्तरायचं कुणी?"

आप्पांनी आमचं पत्रक उलटसुलट करून पाहिलं. "बायांना बंदी हाय असं आपण कुठं लिवलेलंच नाय रं."

"कोणी लिहील कशाला? बायका येतील असं वाटलं होतं का कुणाला?"

"मग आता आल्या ना," आप्पा म्हणाले आणि आमच्याकडं वळले. "पोरींनो, वाट लई वाईट हाय. पण तुमी तिनी दिस झेंड्याआधी पोचलात, तर पुढल्या वर्षी बायांची वेगळी शर्यत लावतो. ह्या समद्यांच्या देखत सांगतो. नाय पोचलात, तर ही मंडळी पुढल्या वर्षी पत्रकात बंदी लिवतील. मला आडवता येणार नाय."

एवढं सांगून त्यांनी आमच्या पाठीवर नंबराची कापडं टाचायला लावली. माझ्या शाळेतल्या मुली मला आठवल्या. सांगलीच्या मैदानावर चुन्याच्या रेघांमध्ये गोल गोल फिरणाऱ्या. वहिनीला काय वाटलं ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. ती चेन ताणून पाहत होती.

कशेळ्याच्या वाटेवर

पहिल्या दिवशी कर्जतहून कशेळ्याला जायचं होतं. सरळ रस्त्यानं फार लांब नाही, पण आम्हाला सरळ रस्ता कुठला! शिट्टी वाजली आणि सगळा घोळका नदीकाठच्या गाडीवाटेत घुसला. आमच्या सांगलीकडं जमीन काळी आणि सपाट, नजर जाईल तिथवर ऊस. इथं प्रत्येक शेत वेगळ्या उंचीवर. भात कापून झालेलं, जमीन वाळून भेगाळलेली, आणि कापलेल्या भाताचे खुंट टायरांना खालून टोचत राहतात. एक बांध उतरलो की दुसरा चढायचा. सायकल चालवली कमी आणि उचलली जास्त.

ठिकठिकाणी खळ्यावर झोडणी चालली होती. आम्ही एका खळ्याजवळून गेलो तशी एक बाई पेंढी हातात धरून तशीच उभी राहिली आणि ओरडली, "अगं ये, हिकडं बघ गं! बाया हायत, बाया!"

बांधावर एकदम सात-आठ डोकी उगवली.

"कुठल्या गं तुमी?"

"सांगलीच्या!"

"येवढ्या लांबून सायकलीवर आल्या?"

खरं सांगायला थांबायला वेळ नव्हता. त्या गावात आजही आम्ही सांगलीपासून सायकल मारत आलो असंच समजत असतील.

पुढं बोरीचा काटा माझ्या मागच्या चाकात गेला. मी घाईघाईनं टायर काढायला लागले आणि ट्यूब चिमटली. जोड्या एकेक करून पुढं जात होत्या. मला रडू यायचं बाकी होतं. वहिनीनं माझ्या हातातून टायर काढून घेतला, सावलीत मांडी घालून बसली आणि भाजी निवडावी तशी सावकाश ट्यूब चाचपत गेली. दोन ठिगळं लावली. उठताना म्हणाली, "चला. चिडून हवा भरली की पंप मोडतो."

कशेळ्याला पोचलो तेव्हा झेंडा वर होता. आमच्या मागं तीनच जोड्या होत्या, पण होत्या.

ताराबाईंचं घर

स्पर्धकांची सोय गावातल्या घरांत केली होती. आम्हाला घेऊन जायला ताराबाई आल्या, तिशीच्या आतल्याच, कडेवर चार-पाच महिन्यांचं बाळ. त्यांचे यजमान रेल्वेत कामाला. दारात पोचल्यावर त्या थांबल्या आणि सरळ म्हणाल्या, "आमी बौद्ध हाय. तुमी आमच्यात जेवाल ना? नायतर आप्पांना सांगून दुसरीकडं सोय करता येल. आधीच इचारलेलं बरं."

माझी आई इथं असती तर काय म्हणाली असती, हा विचार माझ्या मनात आला हे लपवत नाही. उत्तर काय द्यायचं ते मी जुळवत होते, तोवर वहिनी चपला काढून आत गेलीसुद्धा. आतून तिचा आवाज आला, "ताई, पाय कुठं धुऊ?"

भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली शेणानं सारवलेली स्वच्छ जमीन, कोपऱ्यात चूल. जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट. आमच्याकडं भाकरी म्हणजे ज्वारीची, मोठी, खमंग. ही पांढरीशुभ्र, पातळ आणि इतकी मऊ की घडी घालून खिशात ठेवावी. सुकटीच्या वासानं मात्र मी पहिल्या घासालाच हरले. वहिनीनं माझ्या ताटातली सुकटसुद्धा तिच्या ताटात घेतली.

जेवणाआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. ती सांगण्यासाठीच मी हे लिहिते आहे की काय, असं मला आता वाटतं.

ताराबाई भाकऱ्या थापत होत्या आणि झोळीतलं बाळ रडायला लागलं. त्यांचे हात पिठात. त्यांनी मान हलवून वहिनीला खुणावलं. "जरा उचल गं त्याला."

मी उठायला लागले. गेल्या वर्षभरात आमच्या घरी कुणी तान्हं मूल घेऊन आलं की वहिनी आतल्या खोलीत निघून जायची. आम्ही कुणी तिला कधी हाक मारली नव्हती. मी पुढं होणार, तेवढ्यात वहिनी उठली. झोळीपाशी गेली, उभी राहिली, आणि तिनं बाळाला उचललं. ते तिच्या खांद्याला नाक घासत दोन मिनिटांत गप्प झालं. वहिनी तशीच उभी. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण दोन्ही हात गुंतले होते.

ताराबाईंनी पाहिलं. तव्यावरची भाकरी उलटली, खाली काढली. मग हळूच विचारलं, "किती दिसांचं होतं?"

"नऊ दिवसांचा."

"माजी पयली पोरगी गेली. भर पावसात. गाडी नाय मिळाली दवाखान्याला न्यायला." त्यांनी पुढचा गोळा घेतला. "लोक म्हणत, इसर. मी म्हटलं, का इसरू? माजीच हाय ना ती?"

वहिनी बाळाला घेऊन चुलीजवळ येऊन बसली, ताराबाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून. मग त्या दोघी किती वेळ हलक्या आवाजात बोलत होत्या. मी अंगणात जाऊन सायकली पुसत बसले. सायकली आधीच स्वच्छ होत्या.

डोंगर आणि नदी

दुसरा दिवस सगळ्यात अवघड. कशेळ्याहून पूर्वेच्या डोंगरावर चढायचं, एका ठाकरवाडीला वळसा घालायचा, आणि नदी ओलांडून संध्याकाळच्या आत परत कर्जतला यायचं. चढावर कुणीच सायकलवर बसलं नाही. सगळी मिरवणूक सायकली ढकलत चालली होती. वाडीत एका म्हातारीनं आम्हाला पाणी दिलं आणि बरंच काही सांगितलं. तिची बोली आम्हाला अर्धीच कळली, पण ती वहिनीच्या सलवारीला हात लावून खूष झाली होती एवढं नक्की. चार कंदांच्या उकडलेल्या फोडी पानात बांधून तिनं आमच्या पिशवीत टाकल्या. गुळाशिवाय गोड लागत होत्या.

उतारावर मी वेड्यासारखी सुटले. चढावर गेलेला वेळ भरून काढायचा होता. एका वळणावर पुढचं चाक गोट्यावर चढलं आणि मी सायकलवरून उडून करवंदीच्या जाळीत. हँडल वाकडं, गुडघा सोललेला. वहिनी मागून आली, सायकल टाकून धावली. "हलवून बघा पाय. हलतोय ना? मग मोडला नाही." ओढणीचं टोक फाडून तिनं गुडघा बांधला. चाक दोन पायांत धरून हँडल सरळ केलं. लंगडत लंगडत आम्ही पेज नदीवर आलो.

काठावर सगळी शर्यत उभी होती! पुढं गेलेल्या सगळ्या जोड्या, मुंबईवाले, पुणेवाले, झाडून सगळे. सकाळी गुडघ्याएवढं असणारं पाणी छातीपर्यंत चढलं होतं. पलीकडच्या काठावर शेतात काम करणारा एक माणूस ओरडून सांगत होता, "वरनं वीजघराचं पानी सुटलंय! आता सांजच्याला उतरंल!"

सांजच्याला म्हणजे झेंडा उतरल्यानंतर. सगळेच बाद! मंडळाचा एक कार्यकर्ता काठावर होता, त्याला कुणीतरी विचारलं, आज वेळ वाढवून द्याल का? तो म्हणाला, "मी कोण देणारा? आप्पा कर्जतला."

दोन तरुणांनी सायकली खांद्यावर घेऊन पाण्यात पाय टाकला आणि चार पावलांत घसरून परत आले. तळाला गोटे होते आणि ओढ होती.

वहिनी काठाकाठानं थोडी वर चालत गेली. पाण्यात काटक्या टाकून त्या कुठं जातात ते पाहत राहिली. परत आली आणि अलीकडच्या खळ्यावरच्या शेतकऱ्याला विचारलं, "मामा, गाडीचा दोर आहे का? लांब हवा."

"कशाला वो?"

"पलीकडं न्यायचाय."

माझ्या लक्षात आलं तसं मी तिचा हात धरला. "वहिनी, नको. वेड लागलंय का? मी घरी काय सांगू?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत गेल्या वर्षभराची वहिनी नव्हती. "वन्सं, माझं माहेर कृष्णेच्या काठाला आहे. पुरात ओंडके धरायला जायचो आम्ही. त्यापुढं हे पाणी संथ आहे, फक्त खाली गोटे आहेत. पोहून जायचं, उभं राहायचं नाही."

दोर आला. एक टोक तिनं कमरेला बांधलं, दुसरं चौघाजणांनी धरलं. ती वरच्या अंगाला जाऊन पाण्यात शिरली. प्रवाह तिला तिरकं खाली नेत होता, आणि तिला तेच हवं होतं. मधल्या धारेत एकदा तिचं डोकं पाण्याखाली गेलं. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. तेवढ्या क्षणात मला ते आतल्या खोलीचं बंद दार दिसलं आणि वाटलं, हिला इथं आणून मी काय करून बसले! मग ती वर आली, चार हात मारले आणि पलीकडच्या माणसानं तिला दंडाला धरून बाहेर ओढलं.

दोर जांभळीच्या बुंध्याला बांधला, अलीकडचं टोक बाभळीला. एका हातानं दोर धरून, सायकली खांद्यावर घेऊन सगळे एकामागून एक उतरले. आदल्या दिवशी आमच्याकडं बघून न बघितल्यासारखं करणारा मुंबईचा एक उंच गडी माझी आणि वहिनीची सायकलही एकेका खेपेत खांद्यावर घेऊन गेला. "तुम्ही फक्त दोर धरा, ताई." पाणी गार होतं आणि गुडघा झोंबत होता. पण मधोमध पोचल्यावर मला हसू फुटलं ते थांबेचना.

पलीकडं वहिनी दगडावर बसून केस पिळत होती. येणारा प्रत्येकजण तिच्यापुढं थांबून काहीतरी बोलत होता आणि ती नुसती मान डोलवत होती. त्या दिवशी शर्यतीतली एकही जोडी बाद झाली नाही. कर्जतला आम्ही सगळे जवळजवळ एकदमच शिरलो. आप्पा चकित होऊन विचारत राहिले, "अरं, ही शर्यत हाय का वरात?"

चौकवरून खालापूर

तिसऱ्या दिवशी सकाळी माझा गुडघा वाकेना. सुजून भोपळा झाला होता. मुक्काम खालापूर, वाटेत चौक नावाचं गाव. मी खाटेवर बसून म्हटलं, "वहिनी, मला नाही जमणार. तुम्ही एकट्या गेलात तर चालेल का विचारते."

"एकटीचं धरत नाहीत," वहिनी म्हणाली. तिनं गरम पाण्याचा शेक दिला, तेल चोळलं, आणि माझी सायकल दारात आणून उभी केली. "चौकपर्यंत चला. तिथं वाटलं तर एसटीत बसू."

चौकपर्यंत मी एका पायानं सायकल मारली म्हटलं तरी चालेल. डावीकडं-उजवीकडं काय होतं ते मला विचारू नका. फक्त इरशाळगडाचा सुळका आठवतो. तो तासन्तास तिथंच होता, जवळही येत नव्हता आणि लांबही जात नव्हता. कालचे सोबती पुढं जाताना थांबून विचारत होते. वहिनी त्यांना हातानं पुढं घालवत होती.

चौकला हायवे लागला. ट्रकांची रांग, ढाबे, टायरची दुकानं, डिझेलचा वास. तीन दिवसांच्या शेतांनंतर ते सगळं एकदम अंगावर आलं. ढाब्याच्या बाकावर मी बसले आणि मला कळलं की आता उठता येणार नाही. ढाब्यावरच्या बाईंनी चहा दिला. तितक्यात खालापूरकडं जाणारी एसटी समोर येऊन उभी राहिली, टपावर सायकली टाकायला जागाही होती.

मी वहिनीकडं पाहिलं. जा म्हणाली असती तर मी गेले असते.

ती चहा बशीत ओतून पीत होती. "बसा हवं तर," ती म्हणाली. "मी रागावणार नाही. खरंच." मग बशी खाली ठेवून म्हणाली, "पण मला जायचंय. मला लई जायचंय, सुमे."

लग्न होऊन चार वर्षं झाली, तिनं मला कधी नावानं हाक मारली नव्हती. सुमे तर नाहीच. घरात मला सुमे फक्त आई म्हणते.

एसटी निघून गेली. मी उठले.

पुढची वाट हायवे सोडून माळावरून, ओढ्याच्या कडेनं जात होती. चढ आला की माझा पाय थांबायचा, आणि तो थांबला की पाठीवर वहिनीचा हात यायचा. एका हातानं स्वतःचं हँडल, दुसरा हात माझ्या पाठीवर. ढकलत होती, श्वास लागला की सोडत होती, परत ढकलत होती. आणि बोलत होती! तिच्या माहेरच्या म्हशीबद्दल, डेअरीतल्या भांडणाबद्दल, शाळेत असताना पळवून लावलेल्या एका आगाऊ पोराबद्दल. या बाईच्या पोटात एवढं बोलणं साठलं होतं हे मला माहीतच नव्हतं. मला हसवत हसवत तिनं तो माळ पार करून नेला.

खालापूरची कौलं दिसली तेव्हा सूर्य बराच कलला होता. वेशीजवळ आमचा मुंबईचा सोबती उभा होता. दोन्ही हात उंचावून तो ओरडला, "चला चला! घड्याळवाले झेंड्याखाली जाऊन उभे राहिलेत!"

"सुमे, बसून नको मारू, उभी राहा!"

"गुडघा..."

"राहा उभी! मी आहे!"

मी उभी राहिले. काय दुखलं ते लिहून सांगता येणार नाही. बाजारातून दोन्ही बाजूंना माणसं, मधून आम्ही. तिचा हात पाठीवर होता तो शेवटच्या वळणावर सुटला, कारण तिथं मला त्याची गरज राहिली नव्हती. समोर पिवळा झेंडा होता आणि त्याच्या दोरीला घड्याळवाल्यांचा हात. आम्ही शेजारी शेजारी रेषेवरून गेलो. मी सरळ जमिनीवर आडवी झाले.

वरून आप्पांचा आवाज आला, "उतरव रं आता झेंडा. पोचल्या पोरी."

घड्याळवाले गृहस्थ माझ्याजवळ आले. पाणी दिलं. जरा घुटमळले आणि म्हणाले, "पुढल्या वर्षी बायकांना नदीची वाट ठेवायची की नाही?"

"ठेवा," वहिनी म्हणाली. "दोर आधीच बांधून ठेवा."

बक्षीस मिळालं ते कर्जतच्याच एका जोडीला. तिन्ही दिवसांचा वेळ मिळून आम्ही शेवटून दुसऱ्या. संध्याकाळी बाजारात टेबलावर उभं राहून आप्पांनी बायकांच्या शर्यतीची घोषणा केली, तेव्हा मागं दुकानांच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या मुलींमध्ये एकदम गलका झाला. दोघी-तिघी पुढं आल्या आणि वहिनीच्या सायकलची घंटी वाजवून पळाल्या. एक थांबली. "सायकल नाय माझ्याकडं. भावाची चालंल का?"

"चालते," वहिनी म्हणाली. "ही माझ्या नवऱ्याची आहे."

परतीचा घाट

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कर्जतहून गाडीत बसलो. घाटासाठी मागं इंजिन जोडलं, गाडी हळूहळू चढायला लागली. समोरच्या बाकावर लोणावळ्याला जाणाऱ्या एक आजी होत्या, मांडीवर पिशवी. वहिनी खिडकीशी. खाली दरीत आम्ही तुडवलेली शेतं दिसत होती. एवढ्या उंचावरून ती हातरुमालाच्या घड्यांसारखी लहान आणि नीटनेटकी वाटत होती.

बोगदा आला. डब्यात अंधार, आणि चाकांचा खडखडाट कानात मावेना. त्या अंधारात वहिनी माझ्या कानाशी येऊन काहीतरी म्हणाली.

"काय?" मी ओरडले. "ऐकू आलं नाही!"

गाडी बोगद्यातून बाहेर आली. लख्ख ऊन पडलं. वहिनी माझ्याकडं बघत होती. बाळ बारशाआधीच गेलं होतं, त्यामुळं आमच्या घरात त्याला कुणी कधी नावानं हाक मारली नव्हती. त्याच्याबद्दल बोलायची वेळ आली तर आम्ही 'ते' म्हणायचो.

"माधव," ती म्हणाली. या वेळी मोठ्यानं, आख्ख्या बाकाला ऐकू जाईल असं. "माधव ठेवणार होते मी."

समोरच्या आजींनी मान वर केली. "कुणाचं गं हे नाव?"

"माझ्या मुलाचं," वहिनी म्हणाली.